लंडनच्या दूरचित्रवाणीचा खंडित दिवस : एका आख्यायिकेची तपासणी

(१)

ज्या पानांवर सनदा, महजर, शकावल्या व कैफियती यांचा ऊहापोह व्हावयाचा, त्या पानांवर लंडन शहरच्या दूरचित्रवाणीच्या एका दिवसाची हकीकत कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. व तो रास्तच आहे. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, प्रस्तुत लेख हें एका चुकीचें परिमार्जन आहे, आणि ती चूक आमची स्वतःची आहे.

तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें व जोडीस इतिहासाचे तास घेतले. दुसऱ्या महायुद्धाचा पाठ आला म्हणजे आम्ही एक कथा हटकून सांगत असूं. ती अशी : सन १९३९ च्या सप्टेंबरच्या १ तारखेस लंडनची दूरचित्रवाणी मिकी माउस या उंदराचा एक विनोदी चित्रपट दाखवीत असतां युद्धाचा हुकूम आला, व चित्रपट ऐन मध्यावर तोडण्यांत आला. पुढें सुमारें सात वर्षांनीं युद्ध आटोपल्यावर, जेथें तो तुटला होता नेमक्या त्याच जागेपासून तो पुढें सुरू झाला. आणि निवेदकानें, ‘असभ्यपणें कोणी मध्यें अडथळा आणण्यापूर्वीं आम्ही जें सांगत होतों तें असें,’ अशा आशयाचें वाक्य बोलून, जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत प्रारंभ केला. कथा ऐकतांना वर्ग तल्लीन होई. एका राष्ट्राच्या धीराचें याहून सुटसुटीत उदाहरण दुसरें कोणतें मिळणार? ही कथा आम्हीं मूळ कोठें वाचली तें आज स्मरत नाहीं. तपासली मात्र केव्हांही नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें इंग्लंडहून पत्र आलें. तो तेथें बरींच वर्षें नोकरीनिमित्त राहत आहे. त्यानें लिहिलें, “सर, तुमची ती गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली. त्यानें ‘याला पुरावा काय?’ म्हणून विचारलें. पुराव्यावांचून बोलूं नये हेंही तुम्हींच शिकविलें, म्हणून शोध घेऊं लागलों. गोष्ट खरी ठरत नाहीं, सर. राग मानूं नये.” राग कशाचा? लाज मात्र वाटली. मल्लिनाथाची निर्मूल कांहीं न लिहिण्याची प्रतिज्ञा ज्या फळ्यावर आम्ही विद्यार्थ्यांस समजावून दिली, त्याच फळ्यापुढें उभे राहून आम्हीं ही निर्मूल कथा वर्षानुवर्षें सांगितली. सबब जें तपासून हातीं आलें तें येथें सादर करीत आहों.

(२)

प्रथम स्थळ व संस्था यांची ओळख करून देणें अवश्य आहे. लंडनच्या उत्तरेस एका टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नांवाची एकोणिसाव्या शतकांतील विस्तीर्ण इमारत आहे. तिच्या एका भागांत बी. बी. सी. नें आपलें दूरचित्रवाणीचें ठाणें घातलें व तेथून ता. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं दुपारीं ३ वाजतां नियमित कार्यक्रमांस आरंभ केला. त्या वेळीं चित्र पाठविण्याच्या दोन पद्धति एकमेकींशीं स्पर्धा करीत होत्या. बेअर्ड यांची पद्धति २४० रेषांची, व मार्कोनी-ई. एम. आय. कंपनीची ४०५ रेषांची. पहिला मान कोणाचा हें नाणें उडवून ठरविण्यांत आलें व कौल बेअर्ड यांस मिळाला. मग तोच उद्घाटनसमारंभ दुसऱ्या पद्धतीनें पुन्हां करून दाखवावा लागला. एकच मंगलाचरण दोन ग्रंथांस लावण्याचा हा प्रकार होय. पुढें १९३७ च्या फेब्रुवारींत बेअर्ड यांची पद्धति सोडून देण्यांत आली व ४०५ रेषांची तेवढी टिकली.

त्या पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमांत किती तऱ्हा होत्या हें पाहण्यासारखें आहे. आरंभीं मान्यवरांचीं भाषणें, मागून ॲडेल डिक्सन या गायिकेचें खास या प्रसंगासाठीं रचलेलें गीत, बक आणि बबल्स या अमेरिकन कृष्णवर्णी जोडीचें नृत्य व पियानोवादन, चिनी कसरतपटूंचे खेळ, वार्तापट, आणि रात्रीं ‘पिक्चर पेज’ नांवाचा, निरनिराळ्या माणसांस समोर आणून बोलतें करण्याचा कार्यक्रम. दिवसाकाठीं प्रक्षेपण होई तें सारें दोन तासांच्या घरांतलें, एक तास दुपारीं व एक रात्रीं, रविवारीं सुटी. लेस्ली मिचेल, जॅस्मिन ब्लाय व एलिझाबेथ कॉवेल हीं तीन मंडळी निवेदनाचें काम पाहत. पुढें १९३७ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून दाखविण्यांत आली, व त्याच वर्षीं विंबल्डनचे टेनिसचे सामनेही दाखविले गेले. १९३९ च्या सप्टेंबरापर्यंत लंडन व त्याच्या आसमंतांत सुमारें २० हजार घरांतून हें यंत्र पोहोंचलें होतें असा अंदाज केला जातो.

येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हें सर्व बहुतांशीं तत्काळ घडत होतें व तत्काळच लोपत होतें. पडद्यावरील चित्र फिल्मवर उतरून ठेवण्याची सोय इंग्लंडांत १९४७ च्या सुमारास झाली. त्यापूर्वींचा नाच, नाटक, भाषण सर्व काळाच्या उदरांत गेलें. अपवाद जवळजवळ एकच. १९३८ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या लहरी वातावरणाच्या विशिष्ट स्थितीमुळें अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर पोहोंचल्या, व तेथील अमेरिकन यंत्रज्ञांनीं पडद्यासमोर कॅमेरा धरून त्यांचें चित्रण केलें. तो सुमारें चार मिनिटांचा मूक तुकडा आज उपलब्ध आहे. जळालेल्या पोथीचें एक पान परगांवच्या मठांत सांपडावें, तशांतली ही गोष्ट आहे. याचा अर्थ असा कीं, १ सप्टेंबरच्या दिवसाविषयीं आपणांस प्रत्यक्षप्रमाण उपलब्ध नाहीं. जें आहे तें कागदांवर.

(३)

आतां तो दिवस. ता. १ सप्टेंबर १९३९, वार शुक्रवार. पहांटे जर्मनीचें सैन्य पोलंडांत शिरलें होतें. ब्रिटननें युद्ध पुकारलें तें दोन दिवसांनीं, ३ तारखेस. तेव्हां ‘युद्ध पुकारल्याच्या क्षणीं चित्र तुटलें’ असें जें कोठें कोठें सांगतात तें तारखेच्या हिशेबानेंच बाद होतें.

त्या दिवशीं सकाळच्या सत्रांत मिकी माउसचा ‘मिकीज गाला प्रीमियर’ हा १९३३ सालचा लघुपट दाखविण्यांत आला. तो मध्यें तुटला नाहीं. तो शेवटापर्यंत दाखविला गेला. त्यानंतर फे कॅव्हेंडिश या निवेदिकेच्या घोषणा झाल्या. मग यंत्रें जुळवून घेण्यासाठीं जे चांचणीचे संकेत पाठवीत असत ते कांहीं वेळ चालले, आणि १२ वाजून ३५ मिनिटांनीं प्रक्षेपण थांबलें. लघुपटाचा शेवट व प्रक्षेपणाचा शेवट यांत सुमारें वीस मिनिटांचें अंतर आहे. आख्यायिकेचा पूर्वार्ध या वीस मिनिटांत बुडतो.

बंद करण्याचीं कारणें दोन सांगण्यांत येतात. एक, या लहरींच्या अनुरोधानें शत्रूचीं विमानें थेट लंडनवर येतील ही धास्ती. दुसरें, दूरचित्रवाणीचे यंत्रज्ञ रडारच्या कामीं हवे होते. पैकीं पहिल्या कारणाचा पुढें जो विपर्यास झाला तो मोठा चमत्कारिक आहे. १९४१ च्या फेब्रुवारीपासून याच अलेक्झांड्रा पॅलेसवरील प्रक्षेपकाचा उपयोग जर्मन विमानांस मार्ग दाखविणाऱ्या लहरींत घोटाळा उत्पन्न करण्यासाठीं करण्यांत आला. जो दीप शत्रूस वाट दाखवील म्हणून मालविला, त्याच दिव्यानें शत्रूची वाट चुकविली! ही हकीकत आख्यायिकेहून सरस असून खरी आहे. तरी ती वर्गांत सांगण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं, कारण ती आम्हांस ठाऊकच नव्हती. सोयीची खोटी कथा हातीं असली म्हणजे खऱ्या कथेचा शोध थांबतो, हा त्यांतील बोध.

(४)

कागदांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण आमच्या वाचकांस खरा रस त्यांतच वाटेल.

बी. बी. सी. च्या एखाद्या दिवसाचे कागद मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला, ‘रेडिओ टाइम्स’ हें तिचें साप्ताहिक. त्यांत येणाऱ्या आठवड्याचे कार्यक्रम आगाऊ छापीत असत. दुसरा, संस्थेच्या दप्तरांतील प्रत्यक्ष काय प्रक्षेपित झालें त्याची रोजची नोंद. हें दप्तर रीडिंग शहरानजीक कॅव्हरशॅम येथें जतन करण्यांत आलें. पेशवे दप्तर ज्यांनीं चाळलें आहे त्यांस हा भेद समजावून सांगावयास नको. पहिला कागद म्हणजे बेहेडा, दुसरा म्हणजे रोजकीर्द. बेहेड्यांत अमुक परगण्यांतून अमुक रक्कम यावयाची असें लिहिलेलें असतें. ती आली कीं नाहीं तें रोजकीर्दीनें सांगावयाचें. बेहेड्यावरून वसूल ठरविणारा संशोधक फसतो.

१ सप्टेंबरच्या बाबतींत हा भेद निर्णायक आहे. ‘रेडिओ टाइम्स’ आधींच छापून घरोघर गेला होता. त्यांत शुक्रवार दुपारचे, शुक्रवार रात्रीचे व शनिवारचे कार्यक्रम यथास्थित दिलेले. ते कोणीही केव्हांही पाहिले नाहींत, कारण ते झालेच नाहींत. २०१४ सालीं बी. बी. सी. नें ‘रेडिओ टाइम्स’च्या १९२३ पासूनच्या याद्या संगणकावर सर्वांस खुल्या केल्या. सोय मोठी झाली, परंतु सावधगिरीची गरजही वाढली. कारण न झालेला कार्यक्रम त्या यादींत झालेल्याच्या मांडीस मांडी लावून बसलेला असतो. कागद अस्सल, तारीख बरोबर, छपाई समकालीन, आणि मजकूर मात्र घडलेला नाहीं! अस्सलपणा व सत्यता या दोन वस्तु भिन्न आहेत, हें आम्ही नवशिक्या संग्राहकांस नेहमीं सांगतों. त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस मराठी दप्तरांतही क्वचित् आढळलें.

आमच्या मतें खरा खंड येथें आहे. लघुपट तुटला नाहीं, दिवस तुटला. दुपारचा कार्यक्रम पाहावयास जें कुटुंब यंत्रासमोर बसलें असेल त्याच्या हातीं छापील यादी होती व समोर रिकामा पडदा होता. समारोपाची रीतसर घोषणा न होतांच सेवा बंद पडली होती.

(५)

उत्तरार्धाकडे वळूं. सेवा पुन्हां सुरू झाली ती ता. ७ जून १९४६ रोजीं, दुपारीं ३ वाजतां. हाही शुक्रवारच होता. मध्यें २,४७१ दिवस, म्हणजे बरोबर ३५३ आठवडे लोटले होते. पडद्यावर प्रथम आली ती जॅस्मिन ब्लाय. तिनें प्रेक्षकांस नमस्कार केला, त्यांचें कुशल विचारलें, आणि आपलें नांव सांगून आपली आठवण आहे का, असें पुसलें. आख्यायिकेंतील दिमाखदार वाक्य तें हें नव्हे, व तें बोलणारा म्हणून ज्याचें नांव पुष्कळदां घेतात तो लेस्ली मिचेल याच्या मुखानें दिवसाचा आरंभ झालाच नाहीं.

त्या दिवसाच्या कार्यक्रमांतही नानाविधता होती. पोस्टमास्टर जनरल लॉर्ड लिस्टोवेल यांचें भाषण झालें. मार्गो फॉन्टेन या नर्तकीचें नृत्य झालें. बर्नार्ड शॉ यांची एक छोटी नाटिका झाली. ‘समुद्राचें मौन’ या फ्रेंच कथेवरून रचलेलें नाटक झालें. ही कथा ‘व्हेर्कोर’ या टोपणनांवानें १९४२ सालीं जर्मनव्याप्त पॅरिसमध्यें गुप्तपणें छापली गेली होती, व तिच्या त्या मूळ प्रती संग्राहक जिवापाड जपतात. आणि होय, मिकी माउसचा तोच लघुपट पुन्हां दाखविण्यांत आला. पुन्हां, म्हणजे नव्यानें. राहिलेला अर्धा भाग नव्हे, कारण अर्धा भाग राहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीं, ८ जून रोजीं, लंडनमधील विजयसंचलन दूरचित्रवाणीवर दाखविलें गेलें.

लॉर्ड लिस्टोवेल यांचें नांव आमच्या वाचकांस सर्वस्वीं अपरिचित नसावें. १९४७ च्या एप्रिलांत ते भारतमंत्री झाले, व ऑगस्टांत हिंदुस्थान स्वतंत्र होतांच तें पद समाप्त झालें. बंद पडलेलें एक दालन ज्यांनीं उघडलें, त्यांच्याच कारकीर्दींत चवदा महिन्यांनीं दुसऱ्या एका दालनाचा दरवाजा कायमचा लागला. त्या दुसऱ्या दालनांतील कागद, म्हणजे इंडिया ऑफिसचें दप्तर, आज ब्रिटिश लायब्ररींत आहे, व मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक तेथें आजही जात असतात.

(६)

मग आख्यायिका उत्पन्न झाली कशी? येथून पुढें आमचें अनुमान आहे, व तें अनुमान म्हणूनच वाचावें.

संस्कृत पोथ्यांचे पाठ जुळवितांना प्रक्षेप कसा शिरतो तें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. लेखकू सहसा लबाड नसतो. दोन खऱ्या ओळींमध्यें त्यास फट दिसते, व ती तो आपल्या समजुतीनें भरून काढतो. येथें दोन ओळी खऱ्या आहेत : बंद होण्यापूर्वीं मिकीचा लघुपट दाखविला, उघडल्यावर तोच लघुपट दाखविला. या दोहोंमधील सरळ दुवा कोणता? ‘मध्येंच तुटला म्हणून पुन्हां लावला,’ हा. हा सुलभ पाठ आहे, आणि सुलभ पाठाविषयीं संपादकानें नेहमीं साशंक असावें. प्रक्षेप व प्रक्षेपण हे दोनही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत हा केवळ योगायोग. पण येथें एकाच्या पोटीं दुसरा जन्मला खरा.

शिवाय लघुपटाच्या कथानकानेंही साह्य केलें असावें. त्यांत हॉलिवुडचे नामांकित नट मिकीच्या चित्रपटास डोक्यावर घेतात, ग्रेटा गार्बो त्याचीं चुंबनें घेते, आणि तेवढ्यांत मिकी जागा होतो, तों त्याचा कुत्रा त्याचें तोंड चाटीत असतो. भंगलेलें स्वप्न हाच ज्या चित्राचा शेवट, त्याच्याभोंवतीं भंगाची कथा जमावी यांत नवल नाहीं.

निवेदकाच्या वाक्याचें मूळ याहून जुनें दिसतें. सोळाव्या शतकांत स्पेनमधील सालामांका विद्यापीठांतील लुईस दे लेऑन हा पंडित १५७२ ते १५७६ पर्यंत धर्मन्यायालयाच्या कैदेंत होता. सुटून आल्यावर त्यानें ‘काल आपण म्हणत होतों कीं’ अशा शब्दांनीं पाठ पुढें चालू केला, असें सांगतात. ती कथाही आख्यायिकाच मानली जाते. लंडनच्या ‘डेली मिरर’ पत्रांतील ‘कॅसान्ड्रा’ या सदराचे लेखक विल्यम कॉनर यांनीं १९४६ च्या सप्टेंबरांत, युद्धकाळांत थांबलेलें आपलें सदर पुन्हां सुरू केलें तें याच धर्तीच्या वाक्यानें, व तें छापील आहे. दूरचित्रवाणीचा पुनरारंभही त्याच वर्षींचा. एकाचें वाक्य दुसऱ्याच्या तोंडीं बसावयास याहून अधिक सामग्री लागत नाहीं.

आपल्याकडेही याच्या जोडीचें एक उदाहरण आहे. लोकमान्य टिळकांनीं कारावासानंतर १८९९ सालीं ‘केसरी’ची सूत्रें पुन्हां हातीं घेतलीं तेव्हां ‘पुनश्च हरिः ॐ’ या मथळ्याचा अग्रलेख लिहिला. भावना तीच, अवसान तेंच. भेद इतकाच कीं, टिळकांचा मथळा छापील अंकांत डोळ्यांनीं वाचतां येतो, व लेस्ली मिचेलचें वाक्य नुसतें कानोकानीं फिरत आहे. आणि उलट बाजूचें उदाहरणही घरचेंच आहे. तानाजी मालुसरे पडले त्यावरून कोंढाण्यास सिंहगड नांव पडलें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु तो प्रसंग १६७० सालचा, व ‘सिंहगड’ हें नांव शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांत आलेलें आहे. त्या पत्रानें तानाजींचें शौर्य तिळभर कमी झालें नाहीं. नांवाची व्युत्पत्ति तेवढी सुटी झाली. राजवाड्यांनीं बखरींवर जे कोरडे ओढले ते बखरकारांच्या अप्रामाणिकपणासाठीं नव्हेत. अस्सल कागद पाहण्यापूर्वींच समाधान पावणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीं ते होते.

(७)

निष्कर्ष थोडक्यांत असे : लघुपट पूर्ण दाखविला गेला. प्रक्षेपण त्यानंतर सुमारें वीस मिनिटांनीं, १२ वाजून ३५ मिनिटांनीं थांबलें. १९४६ सालीं तोच लघुपट नव्यानें दाखविला गेला, अर्ध्यापासून नव्हे. पुनरारंभाचे पहिले शब्द जॅस्मिन ब्लायचे होते, आणि त्यांत दिमाख नव्हता. आपली आठवण उरली आहे कीं नाहीं याची साधी पृच्छा होती.

हें लिहून झाल्यावर आम्हांस वाटलें कीं, धीराचें उदाहरण म्हणून खरी हकीकतच अधिक चांगली आहे. सात वर्षें कांहीं घडलेंच नाहीं असा आव आणणें यांत धीर थोडा व नाटक फार. सात वर्षांत पुष्कळ घडलें, ऐकणारांपैकीं कित्येक आतां नसतील, हें मनांत वागवून ‘माझी आठवण आहे का?’ असें विचारणें माणुसकीस अधिक धरून आहे. विद्यार्थ्यास आम्हीं तसें कळविलें आहे, व त्याच्या मुलास आमचा आशीर्वाद सांगितला आहे. त्या मुलाच्या एका प्रश्नानें एका म्हाताऱ्या मास्तराची परीक्षा झाली. ज्या शेंकडों विद्यार्थ्यांनीं आमच्या वर्गांत ती कथा ऐकली त्यांपर्यंत ही दुरुस्ती पोहोंचणें कठीण आहे, याची खंत मात्र राहते. सांगितलेली गोष्ट परत घेतां येत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्याच्या आरंभींच्या वर्षांतील कार्यक्रमपत्रिका, निमंत्रणपत्रें, कलावंतांशीं झालेला पत्रव्यवहार, किंवा कोणी हौसेनें रोजनिशींत ‘आज अमुक पाहिलें’ म्हणून केलेल्या नोंदी कोणाच्या घरीं असतील, तर त्या रद्दींत घालूं नयेत. छापील कार्यक्रम हा बेहेडा आहे. रोजनिशींतील ती एक ओळ कदाचित् रोजकीर्द ठरेल. मोडी रुमालांइतके ते कागद आज मोलाचे वाटणार नाहींत. पण पेशव्यांच्या कारकुनासही आपली रोजकीर्द पुढें कोणी भिंगाखालीं धरील असें कोठें वाटलें होतें? असे कागद ज्यांजवळ असतील त्यांनीं निदान त्यांची याद करून मंडळाकडे धाडावी, आणि याद करतांना जें घडावयाचें होतें व जें घडलें तीं दोन सदरें निरनिराळीं ठेवावीं. इत्यलम्.